आधी खुराडे, मग कात्री



पावसाने उघडीप दिली आणि परसात मेथी-कोथिंबिरीचे वाफे टाकले, की गावोगाव एक भांडण ठरलेले असते. तुमची कोंबडी शेजारणीच्या वाफ्यात शिरते, माती उकरते आणि नुकतेच वर आलेले कोंब साफ करते. मग कुंपणावरून शब्दाला शब्द वाढतो. अशा वेळी कोणीतरी सांगतो, "पंख छाटून टाका, म्हणजे उडायची नाही." सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा आज सांगतो. कारण तो न सांगण्याची चूक मी स्वतः केलेली आहे.

नोकरीच्या सुरुवातीला एका घरी मी असाच सल्ला दिला. बाईंनी सातही कोंबड्यांचे पंख छाटले आणि भांडण मिटले. पण त्या घरी खुराडे नव्हते. कोंबड्या रात्री दारच्या आंब्यावर बसत. पंख छाटल्यावर त्यांना फांदी गाठता येईना. त्या गोठ्याच्या भिंतीशी दाटीवाटीने बसू लागल्या. आठवड्याच्या आत रानमांजराने तीन नेल्या. बाई रागावल्या नाहीत. "साहेब, अंड्यांच्या पैशावर पोरांच्या वह्या येत होत्या," एवढेच म्हणाल्या. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

गावठी कोंबडी अंगाने हलकी असते. कुत्रे धावून आले की भुर्रकन उडून छपरावर जाते. उडणे हेच तिचे संरक्षण. ते आपण काढून घेतले, तर तिची राखण आपल्या अंगावर येते. म्हणून पंख छाटण्यापूर्वी रात्री घट्ट बंद होणारे खुराडे हवेच. मुंगूस शिरेल अशी फट ठेवू नका. आत बसायची काठी हातभर उंचीवरच लावा. उंचावरून उडी घेताना छाटलेल्या कोंबडीचा तोल जातो आणि पाय दुखावतो. दिवसा लपायला परसात एखादे झुडूप किंवा कुडाचा आडोसा असू द्या.

आता छाटायचे कसे ते पाहू. सकाळी खुराडे उघडण्यापूर्वी कोंबडी हातात घ्या. एकीने धरावी, दुसरीने कापावे. पंख हलकेच पंख्यासारखा उघडा. टोकाकडची दहा लांब, कडक पिसे दिसतील. उडण्याचा जोर त्यांचाच. त्यांच्या मुळाशी लहान पिसांचे झाकण असते. त्या झाकणाच्या बोटभर खाली धारदार कात्रीने ही दहा पिसे कापा. एकाच बाजूचा पंख कापा. मग उडताना तोल जातो आणि कोंबडी उंच जात नाही. दोन्ही कापले तर तोल राहतो, आणि हलकी कोंबडी थोडीफार उडतेच.

पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखासारखे असते. कापल्याने दुखत नाही. मात्र नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या दांडीत रक्त असते. पांढरी, पोकळ दांडी असेल तर कापा. काळसर-निळसर, भरलेली दिसली तर हात लावू नका. चुकून रक्त आलेच, तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा, वर हळद दाबा आणि रक्त थांबेपर्यंत ती कोंबडी वेगळी डालग्याखाली ठेवा. रक्त पाहिले की बाकीच्या कोंबड्या टोचून हैराण करतात. रक्त थांबत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मांसाला किंवा हाडाला कात्री कधीही लावू नये.

हा इलाज कायमचा नाही. कोंबडी साधारण वर्षातून एकदा पिसे टाकते आणि नवी येतात. ती पूर्ण वाढल्यावरच पुन्हा पाहावे. तलंगांची पिसे अजून बदलत असतात, त्यामुळे घाई करू नका. कोंबड्याचे पंख छाटू नका. कोंबडीवर चढताना तो पंखांनी तोल सांभाळतो. खुडूक बसलेल्या किंवा पिल्लेवाल्या कोंबडीलाही सोडा. तिचे पंख म्हणजे पिल्लांचे पांघरूण. वनराजा, गिरिराजा यांसारख्या जड कोंबड्या फारशा उडत नाहीत, त्यांना बहुधा याची गरजच पडत नाही.

शेवटी एक विचारतो. सात कोंबड्यांपैकी वाफ्यात जाणाऱ्या किती? बहुधा एक-दोनच. तेवढ्यांचेच छाटा. वाफ्यावर काटेरी फांद्या किंवा जुने जाळे पसरा. संध्याकाळी मूठभर दाणे खुराड्यातच टाका, म्हणजे सगळ्या वेळेवर घरी येतात. एवढ्याने भागले तर कात्री काढायलाही नको.

आणि काढायचीच असेल, तर खुराड्याचे दार आधी लावून पाहा. नीट लागते ना?