विरजण... पण बिअरचं!

'मोहफुलाचा सडवा नष्ट', ही बातमी चंद्रपूर-गडचिरोलीच्या पेपरात दर दोन दिवसांनी असते. मी चंद्रपुरात वाढले, त्यामुळे सडवा हा शब्द आमच्यासाठी ब्रेकफास्टइतकाच रोजचा. सडवा म्हणजे पाण्यात आंबत ठेवलेली मोहाची फुलं. पुढे तो भट्टीवर चढतो आणि त्याची दारू निघते.

हे आठवलं माझ्या सिएटलच्या मावसभावामुळे. साहेब घरी बिअर करतात आणि सध्या त्यांना 'स्टार्टर'नं पछाडलंय. फंडा असा, की २० लिटर बिअरला साधारण १८ हजार कोटी यीस्ट पेशी लागतात आणि लिक्विड यीस्टच्या ताज्या पाकिटात असतात जेमतेम १० हजार कोटी. मग लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळायचं, पूर्ण गार करायचं, त्यात यीस्ट सोडायचं आणि दीड-दोन दिवस ढवळत ठेवायचं. हवा मिळाली की पेशी भराभर वाढतात. थोडक्यात काय, विरजण! ते कमी पडलं तर भलतेच जंतू आधी ताबा घेतात.

आता आमच्याकडचं बघा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. फुलं वेचायची, वाळवायची. ती साखरेनं गच्च असतात. भिजवली, की फुलांवरचंच यीस्ट कामाला लागतं. घाई असेल तर जुन्या सडव्यातला थोडा भाग नव्यात ओततात. झाला स्टार्टर, तोही बिनपाकिटाचा! भाऊ यीस्टला खुराक म्हणून डबीतली पावडर घालतो, तर इथल्या बऱ्याच भट्ट्यांवर नवसागर पडतो. हो, कल्हईवाल्याचाच. यीस्टला दोन्हीतून मिळतो नायट्रोजन. फरक एवढाच, की भाऊ मोजून घालतो.

आणि हो, कायद्याचाही फरक आहे. अमेरिकेनं घरगुती बिअरला १९७८ च्या कायद्यानं मोकळीक दिली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हाच उद्योग गुन्हा ठरतो, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये करा नाहीतर धानोऱ्याच्या जंगलात. (तेव्हा हा कॉलम वाचून फ्लास्क आणायला धावू नका.) गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली.

पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींना मोहाची दारू एकदम 'कूल' वाटते. मला ते इतकं सरळ वाटत नाही. बंदी मागायला रस्त्यावर उतरल्या होत्या त्या गावोगावच्या बाया. नवऱ्याची मजुरी घरी पोचेना म्हणून. आणि त्याच भागात गोंड-माडिया घरांत जन्म, लग्न, मरण, कुठल्याही विधीत मोहाची धार वाहावी लागते. यातलं एक खरं मानून दुसरं खोडून टाकणं मला आजवर जमलेलं नाही.

बाकी, मोहफुलांचे लाडूही होतात बरं का! फुलं भाजायची, तिळाबरोबर कुटायची, वळायचे. पाणी लावायचं नाही. यीस्ट टपूनच बसलेलं असतं.