तबकडी चौघांत ऐकावी



गेल्या पावसाळ्यात माझ्याकडून एक सल्ला अर्धवट दिला गेला. त्याची कबुली देऊनच आजच्या लेखाचा आरंभ करतो.

पत्नीच्या निधनानंतर मुलाकडे राहणारे सत्त्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ माझे रुग्ण आहेत. त्यांचा दमा बळावला म्हणून मी घरी गेलो. पलंगाखाली जुन्या ध्वनिमुद्रिकांचे गठ्ठे होते आणि कागदी वेष्टनांवर बुरशी धरली होती. ‘हे आधी खोलीबाहेर काढा,’ असे मी सूनबाईंना सांगितले. दमा आटोक्यात आला. दोन महिन्यांनी मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, बाबा जेवायलाही बाहेर येत नाहीत.’ मी पुन्हा तपासले. छाती स्वच्छ होती. रेकॉर्डी कुठे आहेत, असे विचारताच ते म्हणाले, ‘माळ्यावर. आता ऐकणार तरी कोण?’

बुरशी हटवणे आवश्यकच होते. परंतु तिच्याबरोबर मी त्यांचे आणखी काय हलवले, हे मला त्या प्रश्नाने कळले. पूर्वी दर रविवारी त्यांचे स्नेही काखोटीला रेकॉर्डी मारून येत असत.

आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, लाखेच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. कोणीतरी उठून ती उलटायची आणि तेवढ्या उसंतीत दुसऱ्याने आठवण सांगायची, ही त्या ऐकण्याची रीतच होती. वयोमानाने आलेल्या बहिरेपणात उंच पट्टीतील सूक्ष्म ध्वनी आधी हरवतात, व्यंजने पुसट होतात आणि गाण्याच्या आवाजात बोलणे समजेनासे होते. आधी ऐकणे, मग थांबून बोलणे, हा क्रम म्हणूनच अशा कानांना मानवतो.

याहून मोठा लाभ मनाचा आहे. आजारपणात वृद्ध माणूस सतत घेणारा होतो. औषध घेतो, आधार घेतो. स्वतःची आवडती तबकडी दुसऱ्याला ऐकवताना तो पुन्हा देणारा होतो.

आम्ही त्या रेकॉर्डी माळ्यावरून उतरवल्या. मुलाने तोंडाला मास्क बांधून गच्चीत वेष्टने पुसली, फार खराब झालेली बदलली आणि तबकड्या दिवाणखान्यातील कपाटात उभ्या लावल्या. आता महिन्यातून दोनदा चौघे जमतात. प्रत्येकाने दोनच रेकॉर्डी आणायच्या. पहिल्या बैठकीला आमच्या आजोबांनी केसरबाई केरकरांची तबकडी लावली आणि सांगितले, ‘यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली आहे. ती ऐकणारा कोण भेटेल, ठाऊक नाही. आपण निदान चौघे आहोत!’ त्या दिवशी ते सर्वांबरोबर जेवले.

असा उपक्रम आपल्या घरी करायचा झाल्यास काही पथ्ये पाळावीत. लाखेच्या तबकडीला स्पिरिटचा बोळा कधीही लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोरड्या मऊ फडक्याने ती हलकेच पुसावी. दमेकऱ्याने पुसण्याच्या कामापासून दूर राहावे. यंत्राची वायर चालण्याच्या वाटेत आडवी नसावी. आवाज इतकाच ठेवावा की, शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागू नये. श्रवणयंत्र बहुधा बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते. संगीतासाठी त्यात वेगळी सोय आहे का, हे श्रवणतज्ज्ञांना विचारावे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीलाही तरुणपणीचे गाणे पुष्कळदा ओळखू येते. अशा वेळी ‘हे कोण गातंय सांगा’ अशी परीक्षा न घेता नुसते सोबत बसून ऐकावे.

एक इशारा मात्र देतो. संगीत हा औषधाला पर्याय नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, अन्नावरची वासना उडणे किंवा झोपमोड राहिली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. जगणे नकोसे वाटल्याचे बोल कानी आले, तर त्याच दिवशी दाखवावे.

मीही आता घरी तपासणीस गेलो की, एखादी वस्तू खोलीबाहेर काढण्यास सांगण्यापूर्वी ती कोणाबरोबर वापरली जात होती, हे विचारून घेतो.