भिंतीची उंची कुठून मोजायची?

कंपाउंड वॉल आणि संरक्षक भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हद्द दाखवते, दुसरी माती अडवते. पहिलीला फार तर वारा सोसावा लागतो. दुसरीच्या पाठीवर कित्येक टनांची माती आणि पावसाचं पाणी कायम टेकलेलं असतं. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात मिस्त्रीला, शेजाऱ्याला, नगरसेवकाला आणि एका कार्यालयातल्या बाबूला बोलून दाखवलं. मिस्त्री हसला. बाबू म्हणाले, "सर, कंपाउंड वॉलच ना ती? मग एवढं काय?"

एवढं काय, तेच सांगतो.

आपला यवतमाळ जिल्हा सपाट नाही. यवतमाळ शहर स्वतः पठारावर आहे, पुसदच्या भोवती टेकड्या आहेत, आणि गावं वाढू लागली की लेआउट उतारावर पडतात. उतारावरचा प्लॉट सपाट करायचा म्हणजे वरच्या बाजूची जमीन कापायची आणि खालच्या बाजूला भराव टाकायचा. भराव टिकावा म्हणून खालच्या हद्दीवर भिंत उभी करायची. वरच्या माणसाला अंगण मिळतं आणि खालच्या माणसाच्या डोक्याशी माती येते. आमच्या तालुक्याच्या गावी माझ्या गल्लीत हेच झालं. वरचा भाई ऑटो चालवतो, सज्जन माणूस आहे, पै-पै जमवून घर बांधतोय. खालच्या घरात एक बेवा खाला दोन नातवंडांसोबत राहते. दोघांच्या मध्ये नऊ इंची विटांची, दहा फूट उंचीची भिंत.

आता नियम बघू. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांना आणि नगर पंचायतींना २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बांधकामवाले तिला इंग्रजी आद्याक्षरांनी 'यूडीसीपीआर' म्हणतात. हद्दीच्या भिंतीबद्दल तिचा नियम असा: समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून भिंतीची उंची दीड मीटरपर्यंत. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा मोकळा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत. कोपऱ्याच्या प्लॉटवर वळणाजवळ भिंत आणखी ठेंगणी, म्हणजे गाडीवाल्याला समोरचं दिसावं. नियम चांगला आहे. त्याला हवा, उजेड आणि रस्त्यावरची नजर यांची काळजी आहे.

फक्त ही उंची मोजली जाते ती समोरच्या रस्त्यापासून. आमच्या गल्लीतला रस्ता वरच्या घरासमोरून जातो. म्हणून नकाशावर मागची भिंत बिनचूक नियमात बसते. खालाच्या अंगणात उभं राहून मान वर केली की तीच भिंत दुप्पट होते. तिच्या अंगणातून कुणी मोजतच नाही, आणि त्या कलमात भिंतीमागच्या मातीचा एक शब्द नाही.

कायदा अगदीच मुका आहे असं मात्र नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत इमारतीसोबत अभियांत्रिकी कामंही येतात. दहा फूट भराव अडवणं हे अभियांत्रिकी काम नाही तर काय आहे? इमारतीच्या मजबुतीसाठी अभियंत्याच्या प्रमाणपत्राची तरतूदही आहे. पण ते प्रमाणपत्र घराचं असतं. भिंत घराबाहेर, हद्दीवर, म्हणून ती 'किरकोळ' सदरात जाते. लहान घरांची परवानगी सोपी करताना जोखीम ठरवली गेली ती प्लॉटच्या क्षेत्रफळावर आणि मजल्यांवर: दीडशे चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट म्हणजे कमी जोखीम. सपाटीवर हे पटतं. उतारावरच्या हजार फुटी प्लॉटची जोखीम त्याच्या क्षेत्रफळावरून कशी कळणार? खेड्यातही तेच. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने गावठाणातल्या ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचना विभागाचा हेलपाटा वाचवला. लोकांची सोय झाली, मी त्याचं स्वागतच केलं होतं. पण उताराची विचारपूस करणारा उरलासुरला माणूसही त्यात गेला.

थोडं गणित करू. मी गणिताचा मास्तर नाही, पण हे पाठ्यपुस्तकातलं आहे आणि कुणीही सिव्हिल इंजिनिअर पडताळून देईल. भिंतीची उंची दुप्पट झाली की मागच्या मातीचा एकूण रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. तीन मीटर उंच भिंतीमागे कोरडा, निचऱ्याचा मुरूम असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टन रेटा येतो. त्याच मुरुमात पाणी गच्च भरलं तर तो सहा टनांच्या घरात जातो. नऊ इंची विटांच्या भिंतीचं स्वतःचं वजन त्याच एका मीटरला दीड टनही भरत नाही. उन्हाळ्यात ती उभी राहते कारण मागची माती कोरडी आणि घट्ट असते. जुलैत तिची परीक्षा होते.

आणि आपल्याकडे मुरूम कुठे असतो? मुरूम ट्रॉलीने विकत आणावा लागतो. पायाच्या खोदकामातून निघालेली काळी माती फुकट असते, म्हणून भरावात तीच जाते. कपाशीला उत्तम असलेली ही माती भिंतीची दुश्मन आहे. उन्हाळ्यात ती आकसून हातभर खोल भेगा पडतात, पहिल्या पावसात त्या भेगांतून पाणी आत जातं, माती फुगते आणि भिंतीला ढकलते. पाणी बाहेर जायला भिंतीत भोकं ठेवावी लागतात, त्यांच्या मागे गिट्टीचा थर द्यावा लागतो. भोकं ठेवली तर पाणी खालच्याच्या अंगणात पडतं आणि भांडण होतं. म्हणून भोकं बुजवतात. भिंत सुंदर प्लास्टर केलेली दिसते आणि तिच्यामागे हौद तयार होतो.

मिस्त्री म्हणतात, सळई टाकली की झालं. सळई कुठे टाकली? काँक्रीटच्या संरक्षक भिंतीत मुख्य लोखंड मातीच्या बाजूला लागतं, कारण ताण तिथे येतो. शिवाय भिंतीचा तळ उंचीच्या निम्म्याहून अधिक रुंद लागतो आणि त्याचा बराचसा भाग मातीखाली आत सरकलेला असतो, म्हणजे वरची मातीच त्याला दाबून धरते. दहा फूट भिंतीला पाच-सहा फुटांचा तळ. वीस फूट रुंदीचा प्लॉट घेतलेला माणूस एवढी जागा कुठून काढणार? अडचण इथे आहे, आणि ती खरी आहे. पंतप्रधान आवास योजनेत शहरी लाभार्थ्याला स्वतःचं घर बांधायला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळतात. त्यात छत होतानाच दमछाक होते, भिंतीचं नावही निघत नाही.

उर्दूत या भिंतीला 'पुश्ता' म्हणतात. पुश्त म्हणजे पाठ. शाळेत हा शब्द शिकवताना मी मुलांना सांगतो की या भिंतीचं नावच तिच्या मागच्या बाजूवरून पडलं आहे. आपले नियम मात्र तिचा चेहरा बघतात.

परिणाम आपण पाहिलेत. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसं गेली, पोटासाठी बिहारहून आलेले मजूर आणि त्यांची लेकरं. तीन दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाडला जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर पडली, तिथे मृतांचा आकडा तीसच्या आसपास गेला. त्याच रात्री कल्याणमध्ये नॅशनल उर्दू शाळेची भिंत शेजारच्या घरांवर पडून तिघांचा जीव गेला. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरात एकोणीस. या सगळ्या ठिकाणी भिंत एकाची होती आणि मेले ते दुसरे, बहुतेक झोपेत. त्या रात्रींनंतर चौकशा झाल्या, मदत जाहीर झाली. कल्याणची बातमी वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या आवाराच्या भिंतीभोवती एक चक्कर मारली होती, तेवढं आठवतं.

या प्रश्नावर आपल्याकडे जुना विचार आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाराव्या शतकातला हनफी ग्रंथ 'हिदाया' आजही मदरशांत शिकवला जातो. त्यात कललेल्या भिंतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. भिंत रस्त्याकडे कलली, ती उतरव असं मालकाला सांगितलं गेलं, उतरवणं त्याच्या हातात होतं, वेळही पुरेसा होता, तरी त्याने उतरवली नाही, तर ती पडून होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी येते. सांगणारा कुणीही वाटसरू चालतो, मुस्लिम असो वा नसो. भिंत शेजाऱ्याच्या घराकडे कललेली असेल तर सांगण्याचा हक्क शेजाऱ्याचा. आणि भिंत मुळातच कलती बांधली असेल तर सांगण्याचीही गरज नाही, कारण तिथे चूक बांधण्यातच झालेली आहे. जुम्याच्या बयानात शेजाऱ्याच्या हक्कावर आपण खूप ऐकतो. इमामसाहेबांनी मे महिन्यातल्या एखाद्या जुम्याला हे प्रकरण घ्यावं, अशी माझी विनंती आहे. लोक घरी जाऊन आपली भिंत बघतील.

मग मागायचं काय? आणखी एक परवाना म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. आणखी खेटे, आणखी कुणाचा तरी हात ओला करणं. आपल्या मोहल्ल्यांत तर भीती दुहेरी आहे. निम्मे प्लॉट गुंठेवारीचे, कागद अर्धवट. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाटही उघडली, तरी माणूस कार्यालयाची पायरी चढत नाही. भिंतीचं विचारायला गेलो आणि घराचीच नोटीस हातात आली तर? ही भीती मी खोटी म्हणणार नाही.

म्हणूनच मला सरसकट परवानगी नको आहे. अमेरिकेतल्या आदर्श बांधकाम संहितेत चार फुटांपर्यंतच्या संरक्षक भिंतीला परवानगी लागत नाही. पण ती उंची पायाच्या तळापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत मोजतात, आणि भिंतीमागे जादा भार असेल तर ही सूट मिळत नाही. असंच काही इथे व्हावं. सव्वा मीटरपर्यंत मोकळीक. त्यावरच्या भिंतीला उंची खालच्या अंगणापासून मोजलेली, अभियंत्याच्या सहीचा एक आडवा छेद, पाणी कुठून निघेल आणि कुठल्या नालीत जाईल याची खूण, आणि खाली कोण राहतं याची नोंद. गरिबाला अभियंता परवडत नाही, तर दीड, दोन, अडीच, तीन मीटरचे तयार नकाशे नगर परिषदेने फुकट छापून द्यावेत, मराठीत, मिस्त्रीला वाचता येतील असे. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, यवतमाळला शासकीय तंत्रनिकेतन आहे; तिथली मुलं एका उन्हाळ्यात हे काम करू शकतात. हाँगकाँगमध्ये १९७२ च्या दरड दुर्घटनांनंतर माणसाने केलेल्या प्रत्येक मोठ्या उताराला आणि संरक्षक भिंतीला क्रमांक दिला गेला, आणि देखभाल कुणाची तेही नोंदलं गेलं. आपल्याकडे पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते. मी पाहिलेल्या याद्यांत एकही भिंत नव्हती.

वरच्या भाईशी माझं बोलणं झालं आहे. त्याचं म्हणणं, "सर, मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी घरच चार फूट खाली घेतलं असतं. आता पैसे संपले." तूर्त त्याने भिंतीला ओळीने भोकं पाडली आहेत, वरचे चार फूट भराव काढून समोरच्या खड्ड्यात टाकला आहे, आणि खालाने भोकांतलं पाणी आपल्या अंगणातून नालीपर्यंत जाऊ द्यायचं कबूल केलं आहे. पन्हाळीचा खर्च गल्लीने वाटून घेतला. हे पुरेसं आहे का, ते एखाद्या अभियंत्याने येऊन सांगावं, यासाठी मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने मी अर्ज दिला आहे. आवक क्रमांक टाकलेली पोच माझ्याकडे आहे. तुमच्या गल्लीत अशी भिंत असेल तर अर्जाचा मसुदा माझ्याकडून घेऊन जा, उर्दूतही आहे आणि मराठीतही. उंचीच्या रकान्यात मात्र रस्त्यापासूनची नाही, खालच्या अंगणापासूनची लिहा.