तिला दोन तास कोण देणार?

मैत्रिणींनो, संक्रांत ते रथसप्तमी आपल्या म्हसळ्यात हळदीकुंकवाला उसंत नसते. त्यामागून शिमगा, 8 मार्चचा महिला दिन, मध्येच बचत गटाचा मेळावा, एखादं आरोग्य शिबिर. छोट्या गावातल्या बाईला घराबाहेर पडायला एवढीच तर निमित्तं! वाण काय मिळालं यापेक्षा चारजणींशी मोकळं बोलणं झालं, याचंच समाधान जास्त. मंडप भरला की आयोजक खूश. पण त्या गर्दीत कोण आली नाही, हे कधी कुणी मोजतं का?

न येणाऱ्या बायका आपल्याला माहीत असतात. कुणाची सासू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, कुणाचा मुलगा जन्मापासून मतिमंद, कुणाचे सासरे स्मृतिभ्रंशामुळे दार उघडं दिसलं की रस्त्याला लागतात. "तिला कुठे जमायचंय?" असं म्हणून आपणच तिचं नाव यादीतून गाळतो. दोन-तीन वर्षं गेली की तीही बोलावण्याची वाट बघणं सोडून देते.

आपल्याकडे हे ओझं जास्तच एकटीचं असतं. कोळीवाडा असो, मोहल्ला असो की कुणबीवाडी, कर्ते पुरुष मुंबईला नाहीतर आखातात. घरात उरतात म्हातारी माणसं, मुलं आणि सून. मोठी तपासणी म्हटली की माणगाव, अलिबाग, नाहीतर थेट मुंबई. आजाऱ्याला गाडीत घालून नेणारीही तीच आणि परत येऊन चूल पेटवणारीही तीच. केंद्र सरकारने 2024 मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्यात 15 ते 59 वयातल्या 41 टक्के बायका घरच्या माणसांची काळजी घेताना दिसल्या आणि त्यात त्यांची दिवसाची 140 मिनिटं जात होती. हे काम करणारे पुरुष 21.4 टक्के, आणि त्यांची मिनिटं 74. स्वयंपाक, धुणीभांडी यात धरलेली नाहीत बरं का!

मराठीत अशा माणसासाठी एक सुंदर शब्द आहे – 'शुभंकर'. ठाण्याची आय.पी.एच., पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ अशा संस्थांच्या स्वमदत गटांतून तो रुळला. आजारी माणूस तो 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणारा 'शुभंकर'. या गटांत दोघंही एकत्र येतात, आपलं दुखणं बोलतात, एकमेकांना युक्त्या सांगतात. ठाण्या-पुण्याला जे जमतं ते म्हसळ्याला का जमू नये? त्याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. समाजमंदिरात महिन्यातून एकदा सतरंजी टाकली तरी पुरे.

पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. शुभंकर घरातून निघणार कशी? म्हणून माझं सांगणं आहे, आधी तिला दोन तास द्या. बचत गटात दहाजणी असल्या तर दोघी-दोघींनी आळीपाळीने महिन्यातून एक दुपार अशा घरी बसायचं. औषध कधी द्यायचं, कूस कशी बदलायची हे तिच्याकडून आधी नीट समजून घ्यायचं, तिच्या हाताखाली एकदा करून बघायचं. आजारी माणसालाही आपल्याशी ओळख होऊ द्यायची. मग ती खुशाल बाजारात जाऊ दे, हळदीकुंकवाला जाऊ दे, नाहीतर शेजारच्या घरात पाठ टेकून नुसती झोपू दे. केरळात 1993 साली कोझिकोडला दुर्धर आजाऱ्यांची सेवा सुरू झाली आणि पुढे गावोगावचे साधे शेजारीच शिकून घरोघरी जाऊ लागले. तिथल्या सरकारने काळजी घेणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' नावाची मदत योजनाही काढली.

आणि आपले चाकरमानी? गौरी-गणपतीला घर भरतं, आरत्या होतात, आणि शुभंकर मात्र वीस माणसांचा स्वयंपाक करून वर आजाऱ्याचंही बघते. मुंबईच्या दीर-जावांनी, नणंदांनी येताना मिठाई आणावीच. पण निदान दोन रात्री आईच्या उशाशी त्यांनी जागावं. आई काय एकट्या धाकट्याची असते?

काही गोष्टी मात्र हक्काच्या आहेत, त्या माहीत हव्यात. 65 वर्षांवरच्या गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे, दरमहा दीड हजार रुपये मिळतात. निराधार आणि दिव्यांगांसाठी संजय गांधी योजना आहे. दोन्हींना उत्पन्नाची अट आहे, अर्ज तहसील कार्यालयात. दिव्यांगाचं युडीआयडी कार्ड काढलं नसेल तर आधी ते काढा, पुढच्या बहुतेक सवलती त्यावर अवलंबून असतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर केंद्राच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. मुलं आईबापांना बघत नसतील तर 2007 च्या कायद्याने प्रांत कार्यालयाकडे निर्वाहखर्च मागता येतो, तिथे वकील लागत नाही. ऊठसूट भावाभावांत तंटे लावा असं मी म्हणत नाही. पण कायदा आहे हे ठाऊक असलं तरी पुष्कळदा बोलणं सोपं होतं.

तीन नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. ज्येष्ठांसाठी 14567, मन फार खचलं तर 14416 (मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत) आणि रुग्णवाहिकेसाठी 108.

एक शेवटची गोष्ट. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळलं. पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज कितीतरी दिवस नव्हती. अशा वेळी अंथरुणावरच्या माणसाला एकटी बाई कशी उचलणार? कुठल्या घरात असं माणूस आहे याची यादी प्रत्येक वाडीत असायला हवी. आशाताई, अंगणवाडीताई यांच्या मदतीने ती एका दुपारी होईल. पावसाळ्याआधी ती करून ठेवायची, आणि वादळ नसेल तेव्हाही तीच यादी वापरायची.

पुढच्या हळदीकुंकवाची यादी कराल ना, तेव्हा न येणारीचं नाव सगळ्यांत वर लिहा. त्याच्यापुढे आपल्यातल्या दोघींची नावं लिहा, तिच्या घरी बसणाऱ्यांची. वाण त्या दोघींना नंतर पोचतं करता येईल.