शिसें, कोळसा आणि चित्रकलेंतील सोंवळें

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागांत, खाम नदीच्या पलीकडे, चित्रकलेचे खासगी वर्ग चालतात ही गोष्ट कोणाही सुशिक्षित माणसास आनंदाचीच वाटेल. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या सरकारी परीक्षांना मुलें बसवावयाचीं आणि त्यांच्या योगें दहावीस थोडे वाढीव गुण पदरांत पाडून घ्यावयाचे, हा पालकांचा हेतु फारसा उदात्त नसला तरी निंद्य खास नाहीं. त्या निमित्तानें कां होईना, मुलगा तासभर डोळे उघडून एखाद्या घागरीकडे पाहतो. परंतु या वर्गांपैकीं कांहींत एक नियम वेदवाक्यासारखा सांगितला जातो, आणि त्या नियमाशींच आमचें भांडण आहे. शिसपेन्सिल आणि कोळशाची पेन्सिल हीं दोन साधनें एका कागदावर आणूं नयेत. आणलीं तर चित्र बाटलें, असा तो नियम.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका मुलीनें घरांतील बिदरी कामाची डबी पुढें ठेवून तिचें चित्र काढिलें. डबीचें काळें अंग तिनें कोळशानें भरलें व त्यावरील चांदीची वेल शिसपेन्सिलीनें उठविली. चित्र आम्हीं पाहिलें आहे. झांकणाचें लंबवर्तुळ किंचित् कलंडलें आहे हा दोष खरा. पण धातु धातूसारखा दिसतो. तिच्या शिक्षकांनीं लंबवर्तुळाविषयीं अवाक्षर न काढतां कोपऱ्यांत तांबड्या शाईनें 'माध्यम अशुद्ध' एवढेंच लिहून चित्र परत केलें. कारण विचारतां उत्तर मिळालें, "तसें करीत नसतात." सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत शोभणारें हें उत्तर चित्रशाळेंत ऐकावें लागावें, याचें आम्हांस खरोखर वाईट वाटलें. मुलीनें तीच डबी नियमाप्रमाणें नुसत्या शिसपेन्सिलीनें पुन्हां काढून दिली. तीस गुण चांगले पडले. डबी मात्र आतां ॲल्युमिनियमची दिसते.

बिदरी काम कसें होतें हें ठाऊक असणाऱ्यास या प्रकरणांतील विनोद अधिकच जाणवेल. बिदरची ही कारागिरी आमच्या शहरांतही चालत आली आहे. जस्तांत थोडें तांबें मिसळून वस्तु ओततात, तीवर नक्षी कोरून तींत चांदीची तार अगर पत्रा ठोकून बसवितात, आणि शेवटीं नवसागर व बिदरच्या किल्ल्यांतील माती यांच्या योगानें ती धातु काळी करितात. चांदीवर त्याचा परिणाम होत नाहीं. म्हणजे या वस्तूचें सारें सौंदर्य दोन पृष्ठभागांच्या विरोधांत आहे. एक प्रकाश गिळतो, दुसरा तो परत फेंकतो. नेमका हाच विरोध शिसपेन्सिल व कोळसा यांच्यांत आहे. त्या मुलीला तो कोणीं शिकविला नव्हता. तिनें तो पाहिला होता.

शिसपेन्सिलींत शिसें नसतें, हें येथें सांगून टाकावें. सोळाव्या शतकांत इंग्लंडांतील बॉरोडेल येथें सांपडलेलें काळें खनिज लोकांनीं शिशाचीच एक जात समजून घेतलें आणि तें नांव चिकटून राहिलें. तो कार्बन आहे हें शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानें १७७९ त दाखविलें. वेर्नर यानें १७८९ त त्यास ग्रॅफाइट हें नांव दिलें. पुढें फ्रान्सांत, युद्धामुळें इंग्रजी माल मिळेनासा झाला असतां, कॉन्ते यानें ग्रॅफाइटची पूड चिकणमातींत कालवून भाजण्याची युक्ति १७९५ त काढिली. माती अधिक तर पेन्सिल कठीण व फिकी, कमी तर मऊ व गडद. दुकानांत एच् आणि बी या अक्षरांनीं आपण मागतों ती हीच प्रतवारी. आणि कोळसा? तोही मुख्यतः कार्बनच. ज्यांच्या संकराची एवढी भीति, तीं दोन्ही एका कुळांतलीं भावंडें निघालीं!

भेद आहे तो अंगकाठीचा. ग्रॅफाइटचे पापुद्रे गंजिफांच्या पानांसारखे एकमेकांवरून सरकतात, कागदावर सपाट निजतात आणि आलेला प्रकाश परतवितात. म्हणून ८ बी पेन्सिल कितीही घांसली तरी खरा काळोख येत नाहीं. येते ती करडी चकाकी, आणि कागद खिडकीकडे कलता केला कीं चित्रांतला अंधारच उजळूं लागतो. कोळशाचे कण ओबडधोबड व सच्छिद्र. त्यांत शिरलेला प्रकाश सहसा बाहेर येत नाहीं. उलट, एच् पेन्सिलीसारखी बारीक, फिकी, चिवट रेघ कोळशास साधत नाहीं. गुरुवारीं छावणीच्या बाजारांत उभी असलेली म्हैस पाहावी. तिचें अंग कोळशाचें आहे, शिंग ग्रॅफाइटचें आहे. निसर्गानेंच माध्यमें मिसळून ठेविलीं असतां चित्रकारानें कोणतें सोंवळें पाळावयाचें?

हा नियम परंपरेचा आहे असें म्हणावें, तर परंपरा काय सांगते? अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या इंग्रज वकिलातींत मॅलेट याच्या आश्रयास गंगाराम तांबट नांवाचा मराठी चित्रकार होता. जेम्स वेल्स याच्याबरोबर काम करून त्यानें वेरूळचीं लेणीं रेखाटिलीं. त्याच्या कामांत शिसपेन्सिल, शाई आणि पाण्यांतले रंग एका कागदावर गुण्यागोविंदानें नांदतात. आमच्या दारच्या वेरूळचें असें चित्र काढणारा हा माणूस या वर्गांत आला असता, तर त्याच्याही कोपऱ्यांत तांबडी शाई पडली असती. युरोपांत पाहावें तर व्हॅन गॉग १८८२ च्या सुमारास हेग येथें सुताराच्या जाड पेन्सिलीनें चित्रें काढी, त्यांवर पाणी घातलेलें दूध ओतून त्यांची चकाकी मारी, आणि तेवढ्यानें मन भरलें नाहीं तर इतर काळीं साधनेंही त्याच कागदावर चालवी. ग्रॅफाइटचा दोष त्यास पुरता ठाऊक होता. इलाज मात्र त्यानें डोळ्यांस विचारून केला.

प्रतिपक्षाचें एक म्हणणें आम्हांस मान्य आहे. नवशिक्यानें एकाच पेन्सिलीनें फिक्यापासून गडदापर्यंत सर्व छटा साधण्याचा सराव आधीं करावा. कुबडी लवकर हातीं आली तर पाय दुबळे राहतात. परंतु सरावाकरितां घातलेलें बंधन निराळें आणि शुद्धाशुद्धाचा निवाडा निराळा. गवई आपल्या शिष्यास महिनेन्महिने षड्जच लावावयास सांगतो. म्हणून मैफलींत कोणीं गंधार लावला तर स्वर बाटला असें तो म्हणत नाहीं.

राहिला सांध्याचा आक्षेप. दोन काळ्या रंगांचा सांधा उघडा पडतो व चित्र ठिगळासारखें दिसतें, असें म्हणतात. पडतो खरा, पण तो बहुधा क्रम चुकल्यामुळें. आधीं ग्रॅफाइट घांसून कागदाचे दांत बुजविले कीं त्यावर कोळसा धरत नाहीं, घसरतो. यासाठीं खोल अंधाराच्या जागा आधीं कोळशानें ठरवाव्यात, भुकटी फुंकून टाकावी, हाताखालीं कोरा कागद घ्यावा आणि मग उजेडाकडील भाग शिसपेन्सिलीनें करीत मध्यम छटेपाशीं दोघांची गांठ घालावी. काठावर कोळसा विरळ असला पाहिजे. हें शिकविण्यास एक दुपार पुरे. एक दुपार वांचविण्यासाठीं आयुष्यभराचा निषेध सांगणें हा काटकसरीचा विलक्षण प्रकार होय.

नियम मोडणारे सर्वच आमचे मित्र आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. हल्लीं मोबाइलवरील छायाचित्र समोर ठेवून हुबेहूब व्यक्तिचित्रें काढण्याची जी टूम निघाली आहे, तींत हीं दोन्ही साधनें एकत्र येतात, पण पाककृतीसारखीं. केस कोळशाचे, कातडी शिशाची, आणि वर कागदाच्या वळीनें सारें घोटून गुळगुळीत. पांढऱ्या केसांच्या आजोबांस या कृतीनें एका दिवसांत तरुण झालेले आम्हीं पाहिले आहेत. सोंवळें पाळणारा निदान वस्तूकडे पाहून मग नाहीं म्हणतो. हा पाहतच नाहीं. छायाचित्रांत जेथें नुसता काळा डाग पडतो, तेथें उघड्या डोळ्यांना सदऱ्याची पट्टी, तिच्यावरचें बटन, कानामागची सुरकुती दिसत असते. त्या डागांत कोळसा दाबून भरण्यापूर्वीं मुलानें आजोबांना पांच मिनिटें खिडकीपाशीं बसावयास सांगावें. आजोबा सहसा नाहीं म्हणत नाहींत.