रंगीत छपाईचें यंत्र आणि त्याचा खरा हिशेब

संसारांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांची किंमत एकदां मोजली म्हणजे माणूस मोकळा होतो. पाटावरवंटा, पितळेची समई, शिसवी कपाट हीं अशा वस्तूंचीं उदाहरणें होत. दुसऱ्या कांहीं वस्तूंची रीत याहून निराळी. दुकानांत आपण जी रक्कम देतों ती केवळ विसारादाखल असते. खरी किंमत पुढें वर्षानुवर्षें, थोडथोडी आणि बहुधा आपल्या नकळत वसूल होत राहते. लहानसहान कचेऱ्यांच्या टेबलांवर हल्लीं सर्रास दिसणारा रंगीत लेसर प्रिंटर या दुसऱ्या वर्गांत मोडतो. छापणें, नकला काढणें आणि कागदाची प्रतिमा उतरवून ती संगणकांत धाडणें, हीं तिन्ही कामें हें एकच यंत्र करतें. उंबरठ्यावरील दिव्यानें ओसरी व माजघर दोन्ही उजळावीं, असा जो देहलीदीपन्याय शास्त्रकारांनीं सांगितला आहे, त्याचें हें आधुनिक उदाहरणच म्हणावयाचें.

कौटुंबिक मासिकांत अशा खरेदीची चर्चा कशाला, अशी शंका कोणी घेईल. परंतु घर आणि कचेरी यांमधील भिंत आतां पूर्वीइतकी जाड राहिलेली नाहीं. वकिली करणारी सून, हिशेब तपासणारा मुलगा, इमारतींचे नकाशे काढणारा पुतण्या हे आज घरच्याच पुढील खोलींत व्यवसाय थाटतात, आणि त्यांच्या भांडवलांत वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीचा वांटा पुष्कळदां असतो. यास्तव हा विषय घरांतल्या वडीलधाऱ्यांनींहि समजून घेण्याजोगा आहे.

गरजू विद्यार्थ्यांस फीचें साहाय्य करणारी एक लहानशी संस्था आमच्या माहितींतील आहे. प्रस्तुत लेखक तिच्या कार्यकारी मंडळांत बसतो. दोन खोल्या, एक पगारी लेखनिक आणि देणगीदारांचा विश्वास, एवढेंच तिचें वैभव. देणगीच्या पावत्या, वार्षिक अहवाल, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांच्या नकला, हें तेथील नित्याचें काम. जुनें यंत्र निकामी झाल्यावर नव्याचा विषय सभेपुढें आला. एका उत्साही तरुण सभासदांनीं सर्वांत स्वस्त यंत्राचें दरपत्रक पुढें ठेविलें आणि संस्थेचा पैसा वांचला पाहिजे, असें आग्रहानें प्रतिपादन केलें. हेतु निर्मळ होता. खजिनदार बाईंनीं मात्र एकच प्रश्न विचारिला, “अहो, यंत्राची किंमत कळली, पण त्याची शाई कितीला पडते?” या प्रश्नाचें उत्तर सभेंत कोणापाशींच नव्हतें, म्हणून निर्णय आठ दिवस पुढें ढकलण्यांत आला.

हे आठ दिवस वायां गेले नाहींत. कारण हा पैसा मंडळाचा नव्हता. कोणा निवृत्त शिक्षिकेनें आपल्या पेन्शनमधून धाडलेले पांचशें रुपये त्यांत होते, आणि कोणा पित्यानें मुलाच्या स्मरणार्थ दिलेली ठेव त्यांत होती. असा पैसा खर्च करणाऱ्यानें आपल्या घरच्या पैशाहून अधिक जपून वागावयास हवें.

आतां ही शाई एवढी महाग कां, हें कळण्यासाठीं यंत्राच्या पोटांत थोडें डोकावलें पाहिजे. या विद्येचा उगम अमेरिकेंत झाला. पेटंटच्या कामांत नकलांच्या कटकटीनें त्रासलेल्या चेस्टर कार्लसन यांनीं २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कमधील अस्टोरिया भागांत कोरड्या पुडीनें नक्कल उठविण्याचा पहिला प्रयोग यशस्वी केला. पुढें १९६९ च्या सुमारास झेरॉक्स कंपनींतील गॅरी स्टार्कवेदर यांनीं त्याच तत्त्वास लेसरच्या किरणाची जोड दिली, आणि १९८४ सालीं ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा लेसरजेट बाजारांत आल्यावर हें यंत्र सामान्य कचेऱ्यांच्या टेबलांपर्यंत पोंचलें.

त्याची क्रिया अशी: आंत एक फिरता दंडगोल असतो, त्यावर विद्युत्भार चढवितात. लेसरचा किरण ज्या ज्या ठिकाणीं पडतो तेथील भार पालटतो आणि तेवढ्याच जागीं टोनर नांवाची अतिसूक्ष्म पूड चिकटते. ती पूड कागदावर उतरते आणि शेवटीं तापलेल्या रुळांमधून जातांना वितळून कागदाशीं एकजीव होते. म्हणजे जिला आपण सवयीनें शाई म्हणतों ती वस्तुतः शाई नव्हेच; ती प्लॅस्टिकची रंगीत पूड आहे. कोरडी असल्यामुळें ती महिनाभर यंत्र न वापरलें तरी वाळून बसत नाहीं, हा लेसरचा मोठा गुण. परंतु रंगीत यंत्रास निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार पुडी लागतात, आणि प्रत्येकीचें कार्ट्रिज वेगळें. काळ्या यंत्राचा एक खर्च येथें चौपदरी होतो. इतकेंच नव्हे, तर तुम्ही केवळ काळीं अक्षरें छापलीं तरी रंग जुळवून घेण्याच्या अंतर्गत क्रियेंत रंगीत पूडहि थोडीथोडी खर्चत असते.

पुष्कळ कंपन्यांची विक्रीची पद्धतच अशी आहे कीं, यंत्र स्वस्तांत द्यावें आणि नफा कार्ट्रिजांवर काढावा. संस्कृतांत भिक्षुपादप्रसारणन्याय म्हणून एक न्याय आहे. भिक्षुक प्रथम ओटीवर पाऊल टेकण्यापुरती जागा मागतो, आणि मग हळूहळू पाय पसरून सारी ओटी व्यापतो. स्वस्त प्रिंटर हा असाच पाहुणा समजावा. त्यांतून नव्या यंत्राबरोबर मिळणारीं कार्ट्रिजें पुष्कळदां पूर्ण भरलेलीं नसतात. तीं दोनतीन महिन्यांत रितीं झालीं आणि चारी रंगांचीं नवीं घेण्याची पाळी आली, म्हणजे कित्येकदां यंत्राएवढीच रक्कम पुन्हां मोजावी लागते.

आतां प्रत्यक्ष हिशेब पाहूं. आंकडे नमुन्यादाखल व वाटोळे घेतले आहेत. वाचकांनीं आपापल्या दरपत्रकांतील आंकडे त्यांच्या जागीं घालावे. समजा, पहिलें यंत्र २८,००० रुपयांस मिळतें. त्याचें काळें कार्ट्रिज ६,००० रुपयांचें असून १,२०० पानें छापतें. अर्थात् काळें पान ५ रुपयांस पडलें. रंगीत तीन कार्ट्रिजें प्रत्येकीं ६,५०० रुपयांचीं व १,००० पानांचीं. म्हणजे रंगांचे साडेएकोणीस व काळ्याचे पांच मिळून रंगीत पान साडेचोवीस रुपयांस पडलें. दुसरें यंत्र ४५,००० रुपयांचें. त्याचें काळें कार्ट्रिज ७,५०० रुपयांचें व ३,००० पानांचें. रंगीत तीन प्रत्येकीं ७,५०० रुपयांचीं व २,५०० पानांचीं. येथें काळें पान अडीच रुपयांस आणि रंगीत पान साडेअकरा रुपयांस पडलें.

कचेरींत दरमहा ४०० काळीं व १०० रंगीत पानें निघतात असें धरा. पहिल्या यंत्रावर महिन्याचा खर्च ४,४५० रुपये येईल आणि दुसऱ्यावर २,१५० रुपये. छत्तीस महिन्यांनीं यंत्राच्या किमतीसह पहिल्याचा आंकडा १,८८,२०० होतो, दुसऱ्याचा १,२२,४००. स्वस्त म्हणून घेतलेलें यंत्र ६५,८०० रुपयांनीं महाग पडलें! आरंभीं वांचलेले सतरा हजार तर आठव्या महिन्यांतच फिटून जातात.

परंतु येथेंच थांबणें योग्य होणार नाहीं. याच कचेरीचें काम एकदशांश असतें, म्हणजे महिन्यास ४० काळीं व १० रंगीत पानेंच निघत असतीं, तर तीन वर्षांत पहिल्या यंत्राचा खर्च ४४,०२० व दुसऱ्याचा ५२,७४० आला असता, आणि स्वस्त यंत्र खरोखरच स्वस्त ठरलें असतें. तात्पर्य, कोणतें यंत्र चांगलें हा प्रश्नच अपुरा आहे. किती पानांसाठीं, हें सांगितल्यावांचून त्यास उत्तर नाहीं.

आमच्या संस्थेंत लेखनिकानें मागील तीन महिन्यांत किती रिमें कागद लागला तें पाहिलें आणि एकेका रिमाचीं ५०० पानें धरून, रंगीत कामाची वेगळी नोंद काढिली. काम पहिल्या उदाहरणाच्या जवळपास भरलें. तेव्हां त्या तरुण सभासदांनींच आपली सूचना मागें घेऊन महाग यंत्राचा ठराव मांडला. पासष्ट हजारांच्या फरकांत किती मुलांची फी भागते, हें सभेंत कोणास सांगावें लागलें नाहीं.

कार्ट्रिजावर जी पानांची संख्या छापलेली असते तिचाहि अर्थ ध्यानांत घ्यावा. ती आयएसओ/आयईसी १९७९८ या प्रमाणपद्धतीनें काढलेली असते आणि तींतील नमुन्याच्या पानांवर प्रत्येक रंग पानाचा सुमारें पांच टक्केच भाग व्यापतो. पानभर छायाचित्र किंवा गडद पार्श्वभूमीची जाहिरात छापणाऱ्यास तेवढीं पानें मिळणार नाहींत. बाहेरून पुन्हां भरलेलीं कार्ट्रिजें स्वस्त मिळतात. कंपन्यांचा त्यांस विरोध असतो. एकदां विकलेल्या कार्ट्रिजावर कंपनीचा पेटंटचा हक्क शिल्लक राहत नाहीं, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं लेक्समार्क कंपनीच्या खटल्यांत दिला. तथापि कित्येक यंत्रें कार्ट्रिजावरील चिप तपासून परकें कार्ट्रिज नाकारतात. यास्तव तीं चालतील कीं नाहीं व त्यामुळें हमी रद्द होते कीं काय, हें आधीं लेखी विचारून घ्यावें.

हिशेबाखेरीज आणखी चार गोष्टी पाहाव्या. दोन्ही बाजूंस आपोआप छापण्याची सोय असावी. कागद जवळजवळ निम्मा वांचतो. अनेक पानें एकामागून एक ओढून घेणारा, ज्यास एडीएफ म्हणतात तो भाग असावा. नाहीं तर चाळीस पानांचा दस्त उतरवितांना लेखनिकास चाळीस वेळां झांकण उचलावें लागतें. वकिलांनीं लीगल कागदाची चौकशी विशेषेंकरून करावी. सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२० पासून दोन्ही बाजूंस छापलेला ए-४ कागद स्वीकारला. परंतु जुने दस्तऐवज लांब कागदावरच आहेत, आणि पुष्कळ लहान यंत्रांची कांच ए-४ पुरतीच असते. चौथी गोष्ट म्हणजे, दुरुस्ती करणारा माणूस आपल्या गांवांत आहे कीं त्यास दुसऱ्या शहराहून यावें लागतें, हें विचारावें.

यंत्र घरीं आल्यावर तें लहान यूपीएसला जोडूं नये. रूळ तापवितांना तें एकदम मोठा प्रवाह ओढतें. आपल्याकडील पावसाळ्यांत कागद दमट होऊन वळतो व आंत अडकतो. म्हणून उघडलेलें रीम प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून ठेवावें. नित्याचें काम काळ्या छपाईवर लावून ठेवावें आणि रंग मुद्दाम मागितला तरच निघेल, अशी व्यवस्था करावी.

शेवटची गोष्ट पैशाची नाहीं, विश्वासाची आहे. या यंत्रांतून पक्षकारांचे दस्त, लोकांचीं आधारपत्रें, मुलांच्या गुणपत्रिका जातात. तें वायफायवर चालत असेल तर कारखान्यांतून आलेला संकेतशब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. मोठ्या यंत्रांत साठवणीची चकती असते. यंत्र विकतांना ती पुसून घ्यावी. मूळ कागद कांचेवर विसरूं नये, हें सांगण्याची गरज पडूं नये, पण पडते. आणखी एक गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. बहुतेक रंगीत लेसर यंत्रें प्रत्येक पानावर डोळ्यांस न दिसणारे पिवळे ठिपके उमटवितात. २००५ सालीं अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनें एका यंत्राचे असे ठिपके वाचून त्यांतून यंत्राचा अनुक्रमांक व छपाईची तारीख आणि वेळ उकलून दाखविली. सरळ व्यवहार करणाऱ्यास यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. तरी आपलें यंत्र आपल्याविषयीं काय लिहून ठेवतें, हें मालकास ठाऊक असावें.

ज्यांस रंगीत पान महिन्यांतून पांचसात वेळांच लागतें, त्यांनीं काळें लेसर यंत्र घ्यावें आणि रंगीत पान कोपऱ्यावरच्या दुकानांतून काढून आणावें. त्यांत कमीपणा नाहीं. ज्यांस रंग पुष्कळ लागतो पण छपाईची घाई नसते, त्यांनीं शाईच्या टाकीचीं यंत्रेंहि पाहावीं. तीं एप्सन कंपनीनें २०१० सालीं प्रथम इंडोनेशियांत विकावयास काढिलीं व आतां आपल्याकडेहि सर्वत्र मिळतात. त्यांचें रंगीत पान फार स्वल्प खर्चांत निघतें. मात्र तीं दीर्घकाळ पडून राहिलीं तर शाई वाळून तोंडें बुजण्याचा संभव असतो. लेसरचा मान आहे तो वेगास, सुबक अक्षरांस, आणि पाण्याचा थेंब पडला तरी न फुटणाऱ्या छपाईस.

दुकानांत जाण्यापूर्वीं एक महिना कचेरींत वही ठेवावी. तींत रोज किती काळीं व किती रंगीत पानें निघालीं तें मांडावें. ही वही हातांत असली म्हणजे विक्रेत्याच्या गोड बोलण्यास मोजकें उत्तर देतां येतें. आमच्या खजिनदार बाईंचें शिक्षण यंत्रशास्त्राचें नव्हे. घरखर्चाच्या वहीनें त्यांस जो प्रश्न विचारावयास शिकविलें, तो त्यांनीं सभेंत विचारिला. तसा प्रश्न विचारणारें एखादें माणूस प्रत्येक कचेरींत असावें, आणि त्यानें तो पैसे देण्याच्या आधीं विचारावा.