इतवारीचा हिशेब आणि शाळेचे गणित

इतवारीच्या किराणा ओळीत सायंकाळी वडिलांच्या दुकानावर बसणारा एखादा बारा वर्षांचा मुलगा पाहावा. २४० रुपये किलोची हळद गिऱ्हाइकाने तीनशे ग्रॅम मागितली, की तो मनाशी म्हणतो: पाव किलोचे साठ, वर पन्नास ग्रॅमचे बारा, झाले बहात्तर. पाचशेच्या नोटेतले ४२८ रुपये परत करताना त्याचा कागद-पेन्सिलीला हातही लागत नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर २४० × ०.३ लिहिले जाते आणि तोच मुलगा मान खाली घालतो. शाळेच्या दप्तरी ‘गणितात कच्चा’ असा शेरा पडतो.

हा शेरा वस्तुतः शाळेवर पडावयास हवा. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष विक्रीत त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब नुसत्या आकड्यांत मांडताच हे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरले. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो व सहकाऱ्यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १४३६ मुलांबाबत हेच आढळले. त्याहून बोचरी गोष्ट अशी की, बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले कागदावर सरस ठरली, पण व्यवहारातल्या साध्या हिशेबात अडखळली. ज्यांना शाळेने हुशार ठरविले, त्यांच्याही हाती केवळ रीत पडली.

यातून बालमजुरीचे समर्थन कोणी काढू नये. घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मुलांनी ‘मदत’ करण्यास २०१६ च्या दुरुस्तीने मुभा दिली, ती पळवाटच आहे. प्रश्न एवढाच की, कष्टकऱ्याचे मूल जे ज्ञान घेऊन वर्गात येते, त्याला तेथे जागा का नाही? एके काळी पावकी, निमकी, दिडकी शाळेतच घोकवीत. ती घोकंपट्टी परत आणावी असे नव्हे. परंतु दशमान पद्धतीबरोबर पाव, सव्वा, अडीच ही बोलीतली अपूर्णांकांची भाषाही वर्गाबाहेर गेली, हे नुकसान झाले.

शिक्षकाने त्या मुलाला एवढेच विचारावे: “तू कसे मोजलेस, ते सांग.” तो सांगेल ते फळ्यावर उतरवावे. पाव म्हणजे ०.२५, पन्नास ग्रॅम म्हणजे ०.०५, दोन्ही मिळून ०.३. कंसातील बेरजेने गुणण्याचा जो नियम पुस्तकात येतो, तो या मुलाने ओळीतच वापरलेला असतो. त्याच्या रीतीवर वर्गातील इतर मुलांनी शंका घ्याव्यात, दुसरी रीत सुचवावी. चुकीच्या उत्तराचीही चर्चा व्हावी. यास महागडे साहित्य लागत नाही. लागतो तो वेळ, आणि अभ्यासक्रम ‘संपविण्याच्या’ घाईत नेमका तोच शिक्षकाजवळ नसतो.

शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. इतवारीतील हमाल, विणकर, फेरीवाले त्यांत आहेत. संडास आणि पोषण आहार यांवर ते बोलतात, बोललेच पाहिजे. गणिताचा तास कसा चालतो, हा विषयही पुढील बैठकीच्या कार्यपत्रिकेवर कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडून मांडवून घ्यावा.